दोन थरथरींचा गुणाकार: सौर वाऱ्यातलं विद्युत क्षेत्र

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, पाणी दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत लागलं? गुडघ्याला, कमरेला, का छातीला? बाहेरगावच्यांसाठी सांगतो, गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) घाटात हा दोन तोंडांचा मारुती उभा आहे आणि गावाला पुराचं माप त्याच्या अंगावरूनच कळतं. धरणावरून क्युसेकचा आकडा येतो, बातम्यांत तोच असतो. पण पोलीस उभं राहू देतात तोवर मी होळकर पुलावर जाऊन बघतो तेव्हा मला तिसरीच गोष्ट दिसत असते. आख्खी नदी एका वेगाने खाली चालल्यासारखी वाटते आणि तेवढ्यात एखादा ओंडका येतो, खांबामागच्या भोवऱ्यात सापडतो, दोनदा गरगरतो, क्षणभर तर चक्क उलटा धरणाकडे निघतो आणि मग गोफणीतून सुटल्यासारखा पुढे फेकला जातो. क्युसेकच्या आकड्यात हा ओंडका कुठेच नसतो.

सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यात जे विद्युत क्षेत्र असतं त्याचं अगदी असंच आहे. त्याच्या खळबळीची सरासरी काढली तर हाताला जवळपास काहीच लागत नाही. जे महत्त्वाचं घडतं ते ओंडक्यासारख्या क्षणांत घडतं, आणि असे क्षण आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा का येतात याचं कारण इतकं सोपं आहे की घरातल्या दोन वाट्या आणि दहा चिठ्ठ्यांवर दाखवता येतं. तेच आज दाखवणार आहे, पण आधी वाऱ्याबद्दल थोडं बोलायला लागेल.

सौर वारा म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून, करोनातून, सतत बाहेर वाहत असलेला विद्युतभारित कणांचा प्रवाह, मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. वेग सेकंदाला ३०० ते ८०० किमी. म्हणजे ४०० किमीचा धरला तरी सूर्यापासून आपल्यापर्यंतचं १५ कोटी किमी अंतर चार-साडेचार दिवसांत कापतो. पण नावात वारा आहे म्हणून फसू नका, कारण पृथ्वीजवळ एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम ५ ते १० प्रोटॉन असतात, आणि आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर अठरा शून्यं एवढे रेणू असतात. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी असा वारा असलाच पाहिजे हे गणिताने मांडलं तेव्हा त्यांचा पेपर तपासणाऱ्यांना ते अजिबात पटलं नव्हतं. त्या जर्नलचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, त्यांनाही कल्पना आवडली नव्हती पण गणितात चूक सापडेना, मग त्यांनी पेपर छापला. मला ही गोष्ट फार आवडते, न पटूनही छापणं याला मोठं मन लागतं. पुढे १९५९ मध्ये सोव्हिएत ल्युना यानांना आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ ला तो वारा प्रत्यक्ष सापडला.

आता यातली विचित्र गोष्ट. कण इतके विरळ आहेत की एक प्रोटॉन दुसऱ्याला धडकायच्या आधी सूर्य ते पृथ्वी एवढं अंतर जवळपास पार करतो. मग हा प्रवाह पाण्यासारखा, भोवरे वगैरे घेऊन कसा वागतो? तर कणांना बांधून ठेवायचं काम चुंबकीय क्षेत्र करतं. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याबरोबर ओढलं जातं, रेषा प्रवाहात जणू गोठलेल्या असतात, प्रवाह वाकला की रेषा वाकते, आणि रेषा ताणली गेली की ती प्रवाहाला मागे खेचते. ही कल्पना हानेस आल्फवेन यांची, १९७० चं नोबेल त्यांना या सगळ्या कामासाठी मिळालं. पृथ्वीजवळ हे क्षेत्र असतं ५ नॅनोटेस्लाच्या आसपास (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, नॅनो म्हणजे त्याचा अब्जावा भाग). आपल्या पायाखालच्या पृथ्वीचं क्षेत्र आपल्या भागात ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे, त्यापुढे हे म्हणजे काहीच नाही, पण आख्ख्या सौर वाऱ्याला एकत्र धरायला एवढं पुरतं.

बरं, मग विद्युत क्षेत्र कुठून आलं? ज्यांनी जुनी सायकल चालवलीय त्यांना डायनॅमो आठवत असेल, चाकाला टेकवायचा आणि पुढचा दिवा लागायचा. चुंबक आणि तार एकमेकांच्या तुलनेत हलले की वीज तयार होते. इथे तार नाही, पण स्वतः वाहणारा प्रवाहच वीज वाहून नेणारा आहे आणि तो चुंबकीय रेषांना आडवा जातो तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या निरीक्षकाला विद्युत क्षेत्र दिसतं. त्याचं माप म्हणजे वेग आणि चुंबकीय क्षेत्र यांचा गुणाकार, पण साधा गुणाकार नाही, फक्त एकमेकांना आडवा असलेला भागच मोजायचा. हे आमच्याकडच्या द्राक्षबागेत लगेच कळतं. ओळीच्या बाजूने चालत गेलात तर टोकापर्यंत एक तार आडवी येत नाही, पण ओळी तोडत आडवे निघालात की दर नऊ-दहा फुटांवर तार आलीच, वाका आणि पुढे व्हा. वेग तोच, बाग तीच, पण दिशा बदलली की तारा लागण्याचा हिशोब पूर्ण बदलतो. चुंबकीय रेषांच्या बाजूने जाणारा वारा विद्युत क्षेत्र देत नाही, आडवा जाणारा देतो.

आकडा काढून बघू. ४०० किमीचा वेग, ५ नॅनोटेस्लाचं क्षेत्र, पूर्ण आडवं, तर उत्तर येतं मीटरला २ मिलिव्होल्ट. किरकोळ वाटतं, पण किलोमीटरला २ व्होल्ट झाले आणि लाख किलोमीटरला २ लाख व्होल्ट झाले, आणि पृथ्वीभोवतीचं चुंबकीय कवच लाख-दोन लाख किलोमीटरच्याच मापाचं आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे विद्युत क्षेत्र कोण मोजतंय यावर अवलंबून असतं. पुलावर उभा असलेला माणूस आणि ओंडक्यावर बसलेला पक्षी यांना नदी वेगळी दिसते ना, पुलावरच्याला पाणी धावताना दिसतं आणि पक्ष्याला आजूबाजूचं पाणी जवळपास स्थिर वाटतं, फक्त भोवरे जाणवतात. तसंच यान म्हणजे पुलावरचा माणूस, त्याला सेकंदाला ४०० किमीने वारा अंगावर येताना दिसतो, म्हणून २ मिलिव्होल्ट दिसतात. वाऱ्याबरोबरच वाहत गेलात तर हा मोठा भाग गायब होतो आणि उरते फक्त खळबळ.

खळबळ म्हणजे टर्ब्युलन्स. पुस्तकात प्रक्षोभ म्हणतात, मला खळबळ जवळचा वाटतो. मोठा भोवरा फुटतो, त्याचे लहान होतात, लहानाचे अजून लहान, आणि ऊर्जा वरून खाली झिरपत जाते, शेवटी सगळ्यात बारीक पातळीवर तिची उष्णता होते. सौर वाऱ्यात पृथ्वीजवळ मोठे भोवरे दहा लाख किलोमीटरच्या घरातले असतात आणि जिथे प्रोटॉन चुंबकीय रेषेभोवती फिरतो त्या वर्तुळाचं माप आडवं येतं ती पातळी १०० किमीच्या आसपास, इलेक्ट्रॉनची अजून खाली, दोन-तीन किलोमीटरवर. १९४१ मध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी साध्या द्रवासाठी एक नियम काढला, ऊर्जेचा आलेख भोवऱ्याच्या मापाप्रमाणे कसा उतरतो याचा, त्यातला घातांक वजा पाच तृतीयांश. म्हणजे दहापट बारीक पातळीवर गेलात की त्या आलेखाची, म्हणजे स्पेक्ट्रमची, उंची सुमारे ४६ पटीने खाली येते. सौर वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र हाच उतार पाळतं, १०० किमीच्या वर तरी. पण वेगाच्या खळबळीचा उतार पृथ्वीजवळ थोडा सौम्य असतो, वजा तीन द्वितीयांश, म्हणजे दहापटीला साधारण ३२.

मग विद्युत क्षेत्राचा उतार कोणता, ४६ वाला का ३२ वाला? २०११ मध्ये याचं उत्तर आलं ते मला फार सुंदर वाटतं. यानावरून बघाल तर ४६ वाला, आणि वाऱ्याबरोबर वाहत बघाल तर ३२ वाला. गूढ काही नाही त्यात. यानावरून बघताना ४०० किमीचा मोठा वेग कायम असतो, त्याच्याशी गुणली जाते ती चुंबकीय क्षेत्राची थरथर (सरासरीच्या वरखाली होणं), म्हणून विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्राची नक्कल करतं. वाऱ्याबरोबर गेलात की तो मोठा वेग नाहीसा झाला, आता कायम असलेलं सरासरी चुंबकीय क्षेत्र वेगाच्या थरथरीशी गुणलं जातं, म्हणून नक्कल वेगाची. नदी एकच, पण पुलावरच्याने लिहिलेली वही आणि ओंडक्यावरच्या पक्ष्याची वही वेगळी निघाली आणि दोन्ही खऱ्या आहेत.

या दोन्हींत मी एक तुकडा मुद्दाम बाजूला ठेवला होता. वेगाची थरथर गुणिले चुंबकीय क्षेत्राची थरथर. दोन्ही बाजू हलत्या, कायमचं असं काहीच नाही. खरं टर्ब्युलंट विद्युत क्षेत्र हेच, आणि चिठ्ठ्या त्याच्यासाठीच आहेत.

माझी भाची अकरावीला आहे, सुट्टीत आली होती. तिला म्हटलं दोन वाट्या आण. प्रत्येक वाटीत पाच चिठ्ठ्या टाकल्या, वजा २, वजा १, शून्य, १ आणि २. दोन्ही वाट्यांतून एकेक चिठ्ठी काढायची. एका खेळात बेरीज करायची, दुसऱ्यात गुणाकार. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे तिने पाच बाय पाचचे दोन चौकोन आखले आणि पंचवीसच्या पंचवीस शक्यता भरल्या. बेरजेच्या चौकोनात शून्य पाच ठिकाणी आलं, अधिक ४ एकदा आणि वजा ४ एकदा, बाकीचं मधे छान उतरतं पसरलेलं. गुणाकाराच्या चौकोनात शून्य आलं नऊ ठिकाणी, आणि अधिक-वजा ४ मिळून चार ठिकाणी.

ती म्हणाली, "मामा, गुणाकारात मोठे आकडे जास्त आलेत म्हणजे तो जास्त पसरलाय, त्यात काय?" बरोबर शंका आहे. म्हणून तिला दोन्हीचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढायला लावलं, म्हणजे सगळ्या उत्तरांचे वर्ग करायचे, त्यांची सरासरी, आणि त्याचं वर्गमूळ. बेरजेचं आलं २. गुणाकाराचं पण आलं २, अगदी बरोबर २. सरासरी दोन्हीकडे शून्य. ती दोन मिनिटं त्या कागदाकडे बघत बसली होती आणि मग तिने स्वतःच बोट ठेवलं, शून्यं नऊ आणि टोकं चार. मधल्या आकड्यांचे लोक दोन्हीकडे पळालेत, काही शून्यावर जाऊन बसले, काही टोकाला गेले.

असं का होतं हे चौकोनाकडे बघितलं की दिसतं. गुणाकारात दोघांपैकी एक जरी शून्य असला तरी उत्तर शून्य, दुसरा कितीही मोठा असो. म्हणून मधे गर्दी. आणि दोघं एकाच वेळी मोठे निघाले की एकमेकांना वाढवतात, म्हणून टोकं जाड. बेरजेत असं नसतं, तिथे दोघं मोठे असूनही उलट चिन्हांचे निघाले तर एकमेकांना खोडतात.

आता चिठ्ठ्यांच्या जागी सौर वारा घाला. एका जागी बसून मोजलं तर वेगाच्या थरथरीचे आकडे साधारण घंटेच्या आकाराचे येतात, ज्याला नॉर्मल म्हणतात तो आलेख, चुंबकीय क्षेत्राच्या घटकांचेही (घटक म्हणजे तीन दिशांपैकी एका दिशेतला भाग) बऱ्यापैकी तसेच. पण फक्त आडवा भाग मोजायचा असल्यामुळे विद्युत क्षेत्राचा एक घटक म्हणजे अशा दोन गुणाकारांची वजाबाकी. आणि गणितात एक नेटकं उत्तर आहे, चारही आकडे नॉर्मल असतील, एकमेकांशी संबंध नसलेले, आणि दोन्ही गुणाकारांचा पसारा सारखा, तर त्या वजाबाकीचा आलेख घंटेचा येत नाही, तो येतो दोन्ही बाजूंना एक्स्पोनेन्शियल उतरणारा, मधे टोकदार, तंबूच्या शेंड्यासारखा. लाप्लास यांच्या नावाने ओळखतात त्याला. या शतकाच्या सुरुवातीला यानांचा डेटा आणि कॉम्प्युटरवरची सिम्युलेशन्स दोन्ही तपासली गेली आणि सौर वाऱ्यातल्या प्रेरित, म्हणजे अशा गुणाकारातून येणाऱ्या, विद्युत क्षेत्राची टोकं अशीच जाड, एक्स्पोनेन्शियलच्या जवळ जाणारी निघाली.

जाड म्हणजे किती जाड ते बघण्यासारखं आहे. नॉर्मल आलेखात एका स्टँडर्ड डेव्हिएशनच्या बाहेर सुमारे ३२ टक्के असतात, दोनच्या बाहेर गेलात की ते ७ पटीने घटतात, तीनच्या बाहेर अजून १७ पटीने, चारला अजून ४३ पटीने, पाचला अजून ११० पटीने. प्रत्येक पाऊल आधीपेक्षा खोल खड्डा. लाप्लासमध्ये प्रत्येक पावलाला फक्त चौपटीने घट, पहिल्या पावलालाही चौपट आणि दहाव्यालाही चौपट. म्हणून तीनच्या बाहेरची घटना नॉर्मलमध्ये ३७० मधे एक आणि लाप्लासमध्ये ७० मधे एक. पाचच्या बाहेरची नॉर्मलमध्ये १७ लाखांत एक आणि लाप्लासमध्ये साधारण १,२०० मधे एक. एखाद्याने फक्त सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन बघून घंटेचा हिशोब लावला तर जी गोष्ट त्याच्या मते दर मिनिटाच्या नोंदींत तीन-सव्वातीन वर्षांतून एकदा दिसायला हवी, ती प्रत्यक्षात दिवसातून एकदा येते. इथे मोजमाप चुकलेलं नसतं, यंत्र बिघडलेलं नसतं, गुणाकाराचा स्वभावच तो आहे, आणि म्हणून असे टोकाचे आकडे आउटलायर म्हणून डेटातून उडवून टाकणं मला अगदी चुकीचं वाटतं.

अर्थात मघाशी घातलेली अट सौर वारा पूर्ण पाळत नाही, वेग आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांशी संबंध नसलेले नसतात. सूर्याकडून बाहेर निघालेल्या आल्फवेन लहरींमध्ये (चुंबकीय रेषा ताणलेल्या तारेसारख्या थरथरतात त्या लहरी) वेगाची थरथर आणि चुंबकीय क्षेत्राची थरथर एकाच रेषेत असतात, एकतर एकाच दिशेने किंवा अगदी उलट. आणि एकाच रेषेत म्हणजे बागेत ओळीच्या बाजूने चालणं, तारा लागतच नाहीत. त्यामुळे लहरी जितक्या शुद्ध तितका हा गुणाकार दबतो, आलेख अरुंद होतो. दोन्ही थरथरी जोरात असूनही त्यांच्यातलं विद्युत क्षेत्र कमी, असं चित्र दिसतं, खासकरून वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यांत आणि सूर्याजवळ. म्हणजे विद्युत क्षेत्राचा आलेख बघून उलट दिशेने ओळखता येतं की वेग आणि चुंबक किती एका रांगेत आहेत.

अजून एक थर आहे, तो यात मिसळू नये म्हणून वेगळा सांगतो. आत्तापर्यंत आपण एका क्षणाचा आकडा घेत होतो. त्याऐवजी दोन क्षणांतला फरक घेतला, समजा दहा सेकंदांनी विद्युत क्षेत्र किती बदललं, तर तिथेही टोकं जाड निघतात, आणि क्षणांमधलं अंतर कमी करत गेलात तर अजून जाड होत जातात. हे गुणाकारामुळे नाही, वेग आणि चुंबकीय क्षेत्र वेगवेगळे घेतले तरी त्यांच्या फरकांत हे दिसतं. ऊर्जा खाली झिरपताना सगळीकडे सारखी पसरत नाही, मोजक्या पातळ पापुद्र्यांत गोळा होते, तिथे चुंबकीय क्षेत्र एकदम दिशा बदलतं आणि विजेचा प्रवाह दाटतो. पुरातही तेच, मधल्या पात्रात पाणी मैलभर गुळगुळीत आणि खांबाच्या कडेला हातभर जागेत सगळा राग.

आणि १०० किमीच्या खाली गेलात की गुणाकाराचा साधा नियमच पुरेनासा होतो. तिथे प्रोटॉन मागे पडतात, इलेक्ट्रॉन रेषांबरोबर राहतात, दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. २००५ मध्ये युरोपच्या क्लस्टर यानांच्या डेटातून हे स्पष्ट दिसलं, वरच्या पातळीवर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राचे स्पेक्ट्रम हातात हात घालून उतरतात, आणि या मापाला आले की चुंबकीय एकदम तीव्र उतरतो पण विद्युत वरच राहतो. सौर वारा पसरत जाताना जितका थंड व्हायला हवा तितका होत नाही, कुठून तरी उष्णता मिळत राहते, आणि ती बहुतेक इथेच, या बारीक पातळीवर मिळते. कणांना ऊर्जा देऊ शकतं ते शेवटी विद्युत क्षेत्रच, कारण चुंबकीय बल कणाला फक्त वळवतं, त्याचा वेग वाढवत नाही. म्हणून या क्षेत्राची टोकं किती जाड आहेत हा नुसता आकडेमोडीचा शौक नाही, करोना लाखो अंश तापलेला का आहे याच्याशी तो जोडलेला आहे.

मोजायला मात्र हे महाकठीण. चुंबकीय क्षेत्र मोजायचं तर चांगला मॅग्नेटोमीटर एका दांड्यावर लावून यानापासून लांब ठेवतात. विद्युत क्षेत्र मोजायचं तर दोन टोकांतला व्होल्टेजचा फरक घ्यायला लागतो आणि टोकं जितकी लांब तितकं बरं, क्लस्टरला तारा सोडून टोकापासून टोकापर्यंत ८८ मीटर केले होते. त्यात सूर्यप्रकाश पडला की यानाच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडतात, यान स्वतःच काही व्होल्टला चढतं, आणि आपण शोधतोय मिलिव्होल्ट. सूर्याच्या अगदी जवळ जाणाऱ्या पार्कर सोलर प्रोबला असल्या लांब तारा परवडणार नव्हत्या, त्याच्या चार अँटेना उष्णता सोसणाऱ्या धातूच्या, दोन-दोन मीटरच्या. हे यान १२ ऑगस्ट २०१८ ला सुटलं तेव्हा ९१ वर्षांचे पार्कर स्वतः बघायला हजर होते, आणि २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किमीवरून गेलं.

पृथ्वीवर याचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. इथे मोठा वाटा त्या कायमच्या वेगाचा आणि चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण घटकाचा. तो घटक दक्षिणेकडे वळला आणि तसाच तासन् तास टिकला की पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार उघडतं आणि चुंबकीय वादळ होतं. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये आजवरचं गाजलेलं वादळ झालं तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदवली गेली, आणि जगातले शास्त्रज्ञ त्या वादळाचं माप काढायला आजही ती कुलाब्याची नोंद उघडतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मोजमाप बिघडू नये यासाठी वेधशाळा अलिबागला हलवली, १९०४ पासून तिथे नोंदी सुरू आहेत. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानलेमधून आकाश लाल दिसलं ते फोटो तुम्ही बघितले असतील. आपलं आदित्य एल१ तेव्हा १५ लाख किमीवर सूर्याच्या बाजूला पहारा देत होतं, तिथून वारा आपल्यापर्यंत यायला साधारण तासभर लागतो.

आदित्यवर वाऱ्यातले कण मोजणारी यंत्रं आहेत, मॅग्नेटोमीटर आहे, आणि सूर्याचे अल्ट्राव्हायोलेट फोटो काढणारी दुर्बीण तर आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने केलीय. थेट विद्युत क्षेत्र मोजणारी अँटेना त्याच्यावर नाही, म्हणून ज्याला आकडा हवा त्याला वेग आणि चुंबकीय क्षेत्र घेऊन गुणाकारच करायला लागतो, जसा बहुतेक यानांच्या डेटावर करतात.

तो घरी बसूनही करता येतो. नासाचा ओम्नी नावाचा संग्रह सगळ्यांना मोफत आहे, त्यात पृथ्वीजवळच्या वाऱ्याच्या वेगाचे आणि चुंबकीय क्षेत्राचे तिन्ही घटक मिनिटागणिक मिळतात. एखादा शांत आठवडा निवडा, नोंदी साधारण दहा हजार होतात. गाळलेल्या जागी मोठमोठे नऊ-नऊ भरलेले असतात, ते आधी काढा, नाहीतर सगळी टोकं त्यांचीच दिसतील. प्रत्येक घटकाची सरासरी वजा करा म्हणजे फक्त थरथर उरेल, मग वेगाचा दुसरा गुणिले चुंबकाचा तिसरा, वजा वेगाचा तिसरा गुणिले चुंबकाचा दुसरा. आलेल्या रांगेचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा आणि त्याच्या तिप्पट बाहेर किती नोंदी गेल्या ते मोजा. घंटा असती तर २७ च्या आसपास आल्या असत्या, तंबू असेल तर १४४ च्या आसपास. शेजारच्या नोंदी एकमेकींसारख्या असतात म्हणून आकडा दर आठवड्याला मागेपुढे होईल, तेव्हा एकावर थांबू नका, चार-पाच आठवडे करून बघा. भाचीने पहिला आठवडा डाउनलोड केलाय, सध्या ती नऊ-नऊ काढत बसलीय.